बदली साहेबाची, स्थलांतर मजुराचं

झाशी हे रेल्वेचं आणि लष्कराचं शहर. इथून दरवर्षी दोन प्रकारची कुटुंबं गाव सोडतात. एकाच्या हातात बदलीचा आदेश असतो, दुसऱ्याच्या डोक्यावर बोचकं. शाळा दोघांच्याही मुलांची सुटते. पुढची शाळा मात्र दोघांना सारखी मिळत नाही.

केंद्र सरकारी कर्मचाऱ्याची बदली झाली, की केंद्रीय विद्यालयातल्या त्याच्या मुलाला नव्या शहरातल्या केंद्रीय विद्यालयात टीसीवर प्रवेश मिळतो. बदली बापाची, तिची शिक्षा पोराला नको, हे तत्त्व त्यामागे आहे. तत्त्व योग्यच आहे.

बुंदेलखंडातून दिल्ली, सुरतच्या बांधकामांवर जाणाऱ्यांत दलित, भूमिहीन कुटुंबं मोठ्या संख्येनं आहेत. त्यांच्या मुलांसाठीही २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम ५ आहे. राज्याच्या आत वा बाहेर, कोणत्याही कारणानं शाळा बदलता येते. मुख्याध्यापकानं दाखला ताबडतोब द्यायचा, नाहीतर शिस्तभंगाची कारवाई. दाखल्याला उशीर झाला म्हणून नव्या शाळेनं प्रवेश अडवायचा नाही.

तरीही मजूर आई-बापांना शाळेच्या दारात ऐकू येतं, ‘आधी दाखला आणा.’ तो आणायला शेकडो मैल परत जायचं, मजुरी बुडवायची. शिवाय या कलमातून केंद्रीय विद्यालयं, नवोदय आणि विनाअनुदानित खासगी शाळा वगळल्या आहेत. म्हणजे साहेबाच्या मुलाची शाळा मजुराच्या मुलाच्या हक्काबाहेर. आणि हा हक्कही आठवीपर्यंतच. नववीत, जिथे गळती वाढते, तिथे कायदा हात झटकतो.

रेल्वेच्या कायम नोकरीमुळे काही दलित घरांतली मुलं केंद्रीय विद्यालयात पोचली. आता सफाईसारखी कामं कंत्राटावर गेली आहेत. कंत्राटी कामगाराची बदली होत नाही, त्याला फक्त कामावरून काढतात. कायम नोकरीसोबत मुलाच्या शाळेची हमीही गेली. जातीचा प्रश्न इथे आहे: कुणाच्या जाण्याला सरकार ‘बदली’ म्हणतं आणि कुणाच्या जाण्याला ‘स्थलांतर’?

म्हणून मागणी साधी आहे. आधी मूल वर्गात बसवा. कागद शाळेनं शाळेकडून मागवावेत, आई-बापांकडून नव्हे. कलम ५ चा हक्क बारावीपर्यंत न्या. आणि दाखला अडवणाऱ्यांपैकी किती जणांवर कारवाई झाली, हे प्रत्येक जिल्ह्यानं दरवर्षी जाहीर करावं.

सवलत नको, साहेबाच्या मुलाला लागू असलेलं तत्त्वच हवं आहे.