मूल्य वेगळे पाठवा

१ जून २०१७ रोजी पुणतांब्यातून शेतकऱ्यांचा संप सुरू झाला आणि २४ जूनला राज्य सरकारने दीड लाख रुपयांपर्यंतची कर्जमाफी जाहीर केली. अर्ज ऑनलाइन भरायचे होते. रस्त्यावर दूध ओतून मांडलेली मागणी अखेर फॉर्मच्या रकान्यांत येऊन बसली: नाव, आधार क्रमांक, बँक खाते. अशा फॉर्ममागचा कोड आपल्यापैकीच कोणीतरी लिहीत असतो.

वसईच्या शेतकऱ्याचे डिसोझा हे आडनाव इंग्रजीत टाइप करताना डीनंतर अ‍ॅपॉस्ट्रॉफी येते. नाव थेट जोडून एसक्यूएलची ओळ तयार केली असेल, तर त्या चिन्हापाशी स्ट्रिंग मध्येच बंद होते, डेटाबेस सिंटॅक्स एरर देतो आणि सरळ माणसाचा अर्ज अडतो. याच फटीतून हल्लेखोर हवी ती अट आत घुसवतो; हेच एसक्यूएल इंजेक्शन.

‘आम्ही ओआरएम वापरतो, आम्हाला धोका नाही’ हे अर्धेच खरे. जँगोच्या फिल्टरला दिलेले मूल्य क्वेरीच्या मजकुरात मिसळत नाही, ड्रायव्हरकडे वेगळे जाते. पण अहवालात चार जॉइन आले की हात ‘रॉ’कडे वळतो; तिथे एफ-स्ट्रिंग वापरली की ते संरक्षण संपले. खरे तर रॉलाही पॅरामीटरची यादी देता येते. एसक्यूएलअल्केमीच्या ‘टेक्स्ट’मध्ये कोलन लावून नाव लिहावे आणि मूल्य एक्झिक्यूट करताना द्यावे. प्लेसहोल्डरभोवती स्वतःची अवतरणचिन्हे मात्र लावू नयेत. जँगोचे डॉक्युमेंटेशनही हेच बजावते.

कॉलमच्या नावाला पॅरामीटर चालत नाही. यादी तालुक्यानुसार लावायची की रकमेनुसार, हे ब्राउझरकडून येत असेल, तर ते ठरलेल्या नावांशी ताडूनच पुढे जाऊ द्या. २०२१ मध्ये खुद्द जँगोच्या ऑर्डर-बायमध्ये इंजेक्शनची त्रुटी सापडली आणि ३.१.१३ व ३.२.५ या आवृत्त्यांत दुरुस्त झाली. हाताने लिहिलेल्या ‘लाइक’चेही भान हवे. टक्क्याचे चिन्ह पॅरामीटरमधून आले तरी वाइल्डकार्डच राहते. शोधाच्या रकान्यात ते एकटे टाकले, तर सगळ्या अर्जदारांची नावे समोर येतात.

रिव्ह्यूला बसाल तेव्हा रिपॉझिटरीत रॉ, एक्स्ट्रा, टेक्स्ट आणि एक्झिक्यूट शोधा. बाहेरून आलेले व्हेरिएबल एसक्यूएलला जोडलेले दिसले, तर ती पुल रिक्वेस्ट मर्ज करू नका, डेडलाइन उद्याची असली तरी.