आचार्याला की आचाऱ्याला?

इंदूरच्या पलासियात छप्पन दुकानांपाशी रविवारी सकाळी पोहे खाताना मुक्त स्रोत (ओपन सोर्स) सॉफ्टवेअरवाल्या मित्रांशी माझा एकच वाद पुन्हा पुन्हा होतो. त्यांचं म्हणणं सरळ आहे: प्रकल्पात कोडबद्दल बोला, भाषा, पैसा, वागणूक, थकवा हे विषय घरी ठेवा. कोड चालतो की नाही हे तपासता येतं, बाकीच्या चर्चेचा निकालच लागत नाही.

वाद माणसांना थकवतात, हे मला मान्य आहे. २०१४ साली डेबियन या लिनक्स प्रकल्पात सिस्टमडी या प्रणालीवरून पेटलेल्या भांडणात अनेक वर्षं राबलेली माणसं दुखावली, काहींनी पदं सोडली. पण त्या भांडणाचं मूळ तांत्रिक होतं: संगणक सुरू होताना सेवा कोणी उठवायच्या? अतांत्रिक बोलण्यावरची बंदी ते थांबवू शकली नसती. ते मिटलं मतदानाने, आणि मतदान कसं घ्यायचं हे डेबियनने १९९८ सालीच आपल्या संविधानात लिहून ठेवलं होतं. त्या संविधानात कोडची एक ओळ नाही.

एक्सझेडचं प्रकरण तर याहून बोलकं आहे. फाइली दाबून लहान करणारी ही लायब्ररी असंख्य लिनक्स यंत्रांत असते, आणि ती लासे कॉलिन हा गृहस्थ जवळजवळ एकट्याने सांभाळत होता. जून २०२२ मध्ये त्याने उघडपणे लिहिलं की मानसिक आरोग्याचा त्रास बराच काळ चालू आहे आणि हे बिनपगारी, हौसेचं काम आहे. त्याच्यावर अनोळखी नावांनी दबाव आला: काम मंद आहे, दुसऱ्याच्या हाती द्या. ‘जिया टॅन’ नावाने कोणीतरी मदतीला पुढे झालं आणि हळूहळू अधिकार मिळवत गेलं. २०२४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसला. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं, म्हणून तो चोरदरवाजा सापडला. एका माणसाचा थकवा हा ज्यांनी चर्चेचा विषय मानला नाही, त्यांच्या सर्व्हरचं कुलूप त्या थकव्यातूनच उघडलं जाणार होतं.

आता घरचं बघा. इंदुरात मराठी होळकरांच्या काळापासून आहे, रस्त्यावर मात्र हिंदी. लिपी दोघींची देवनागरी, म्हणून संगणकावर हिंदीचं काम झालं की मराठीचंही झालं, असा समज होतो. पण ‘आचार्याला’ म्हणजे गुरूला आणि ‘आचाऱ्याला’ म्हणजे स्वयंपाक्याला. हा ‘ऱ्य’ युनिकोडमध्ये दोन मार्गांनी लिहिता येतो: ऱ ला हलन्त देऊन, किंवा साध्या र ला हलन्त देऊन पुढे न दिसणारं जोडचिन्ह टाकून. पडद्यावर दोन्ही सारखे, साध्या शोधाला मात्र वेगळे. ॲ चं तेच. २००८ साली युनिकोड ५.१ मध्ये त्याला स्वतंत्र संकेतांक मिळाला. त्याआधी अ वर चंद्र जोडत. त्या पद्धतीने लिहिलेला ‘अॅप’ आजही ‘ॲप’ शोधताना हुकू शकतो. ल आणि श यांचं मराठी वळणही हिंदीहून निराळं. एकच फॉन्ट भाषेची खूण पाहून दोन्ही वळणं देऊ शकतो, पण मराठीला वेगळी खूण हवी, हे आधी कोणीतरी बोलायला हवं.

यातला कोड अवघड नाही. अवघड आहे ते ठरवणं: कोणतं लेखन प्रमाण धरायचं, जुन्याचं काय करायचं. त्यासाठी शिक्षक, कोशकार, वर्षानुवर्षं टंकलेखन केलेली माणसं हवीत, आणि ती काही पॅच पाठवणार नाहीत. ‘फक्त कोड’ हा नियम नेमक्या त्यांनाच दाराबाहेर ठेवतो. म्हणून माझी मागणी आहे की या विषयांना वेगळी वेळ द्या, बैठक आवरणारा माणूस नेमा, ठरलेलं लिहून ठेवा. गोंधळाची भीती असेल तर त्यावर उपाय हा आहे.

पुढच्या रविवारी मी आमच्या ओळखीच्या, मराठी शिकवून निवृत्त झालेल्या एका बाईंना छप्पनला बोलावलं आहे. त्यांना कोड येत नाही. ‘ऱ्य’ कुठे लागतो आणि कुठे नाही, हे त्या पोहे थंड होईपर्यंत सांगू शकतात.