अठ्ठेचाळीसची आठवण: अभिनयाने नव्हे, रेषेने

१/ दरवर्षी १७ सप्टेंबरला मराठवाड्यात ध्वज फडकतो, हुतात्म्यांना अभिवादन होते आणि इतिहास एका सकाळीत आटोपतो. लोहा, कंधार, उमरी या मुलखाने १९४७-४८ मध्ये जे सोसले ते पडद्यावर आणायचे असेल, तर त्याचे खरे माध्यम ॲनिमेशन आहे. ‘कार्टून म्हणजे पोरखेळ’ हा समज आता टाकून द्यायला हवा.

२/ आजचा लोहा तालुका तेव्हा कंधार तालुक्यात, म्हणजे निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. लातूरला वकिली केलेल्या कासिम रझवीच्या रझाकारांनी गावे लुटली, जाळली. कल्हाळीने झुंज दिली. उमरीची बँक लुटून स्वातंत्र्यसैनिकांनी लढ्यासाठी पैसा उभा केला. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि १७ तारखेला निजाम शरण आला.

३/ ध्वजवंदनाच्या भाषणांत कथा येथेच संपते. प्रत्यक्षात संपली नाही. कारवाईच्या काळात व नंतर मुस्लिम वस्त्यांवर सूड उगवला गेला. पंडित सुंदरलाल समितीने मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा दिला. सर्वाधिक होरपळलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर यांच्यासोबत नांदेडचेही नाव आहे. हा अहवाल अनेक दशके दडलेला राहिला.

४/ म्हणजे स्मृती दुहेरी आहे. रझाकारांच्या भीतीने रानात लपलेल्यांचे वंशज आणि त्या सप्टेंबरात घर गमावलेल्यांचे वंशज आजही एकाच तालुक्यात नांदतात. अभिनयपटाला मात्र एक नायक व एक खलनायक पुरतो. ‘रझाकार’ या नावाचे चित्रपट मराठीत आणि तेलुगूत येऊन गेले. उरलेला अर्धा इतिहास अजून पडद्याबाहेरच आहे.

५/ शिवाय अभिनयपट एक छुपा दावा करतो: कॅमेरा तेथे होता. या गावांतील त्या रात्री कोणी चित्रित केल्या नाहीत. खोटे रक्त खऱ्यासारखे दिसू लागले की प्रेक्षक त्यालाच पुरावा मानतो. रेषा असा दावा करत नाही. ही कोणाची तरी आठवण आहे, हे ती प्रत्येक चौकटीत कबूल करते.

६/ अरी फोलमन १९८२ च्या लेबनॉन युद्धात इस्रायली सैनिक होता. साब्रा-शातिलाच्या हत्याकांडाच्या वेळचे त्याला काही आठवेना. ‘वॉल्ट्झ विथ बशीर’ (२००८) हा त्या विस्मरणाचाच शोध आहे. अखेरीस रेखाटन थांबते आणि हत्याकांडानंतरचे खरे चित्रीकरण समोर येते. आठवण कोठे संपते व पुरावा कोठे सुरू होतो, हे याहून प्रामाणिकपणे सांगता येणार नाही.

७/ ‘फ्ली’ (२०२१) मध्ये अफगाण निर्वासिताची कहाणी त्याच्याच आवाजात आहे, चेहरा मात्र रेखाटलेला. जेथे मारणाऱ्याचे व मरणाऱ्याचे वारस रोज एकाच पारावर भेटतात, तेथे साक्षीदाराला बोलते करण्याचा याहून सुरक्षित मार्ग कोणता? सुनाओ काताबुची यांच्या ‘इन धिस कॉर्नर ऑफ द वर्ल्ड’ (२०१६) साठी अणुबॉम्बने पुसलेली हिरोशिमाची वस्ती जुनी छायाचित्रे व रहिवाशांच्या आठवणींवरून पुन्हा उभी करण्यात आली. जळालेली पेठ, पडलेली गढी अशीच उभी राहू शकते.

८/ आक्षेप येईल: रेषाही खोटे बोलते. निश्चितच बोलते. १९४५ चा जपानी ‘मोमोतारो’पट नौदलाच्या प्रचारासाठीच काढला होता. म्हणून माध्यमाला शिस्त हवी: दोन्ही बाजूंचे मृत मोजायचे आणि मृतांच्या धर्मावरून दुःखाचे वजन ठरवायचे नाही. रझाकारांविरुद्ध लिहिले म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये मारला गेलेला पत्रकार शोएबुल्ला खान या पटात हवा, आणि मुस्लिम शेजाऱ्यांना वाचवणारे हिंदूही हवेत.

९/ दुसरा आक्षेप: लोक असे गंभीर ॲनिमेशन पाहणार नाहीत. साहिबजाद्यांच्या बलिदानावरील ‘चार साहिबजादे’ (२०१४) लोकांनी चित्रपटगृहांत जाऊन पाहिला. त्यांच्या पित्याने, गुरू गोविंदसिंगांनी, १७०८ मध्ये देह ठेवला तो नांदेडातच. ज्या भूमीने ते दुःख इतकी शतके सांभाळले, तिला १९४८ पेलणार नाही असे मानणे हा तिचा अपमान आहे.

१०/ त्या सप्टेंबरात दहा वर्षांचे असलेले मूल आज पंचाऐंशी ओलांडून गेले आहे. चित्रपटाला पैसा लागेल, वर्षे लागतील. आवाज नोंदवायला एक मोबाइल पुरतो. चित्रे नंतरही काढता येतील. आवाज एकदा गेला की परत येत नाही.