बिघडलेली गोधडी

माझी पहिली गोधडी मी चाळिशी उलटल्यावर शिवली आणि ती बिघडली. पण शिवायला का घेतली, ते आधी सांगते.

२६ जुलै २००५ ला उल्हास नदीचे पाणी बदलापुरात शिरले. अम्मी तळमजल्यावर राहायची. पाणी ओसरल्यावर मी अंबरनाथहून मदतीला गेले. गाळ उपसला, गाद्या बाहेर काढल्या. त्यात नानीच्या हातची गोधडी होती. भिजून इतकी जड झालेली की एकटीला उचलेना, आणि वास तर विचारू नका. मी ती ओढत नेली आणि रस्त्यावरच्या ढिगावर टाकली. अम्मी दारातच उभी होती. काही बोलली नाही. नंतरही कधी विषय काढला नाही, आणि तेच मला जास्त टोचत राहिले.

बदलापूरची थंडी मुंबईकरांना खरी वाटत नाही. डिसेंबरात फज्रला उठून वुजू करून बघा म्हणजे कळेल! अशाच एका थंडीत अम्मीला दोन चादरी एकावर एक घेऊन झोपलेली पाहिले आणि ठरवले, गोधडी शिवायची.

शिवणकाम येत होते, म्हणून कोणाला विचारले नाही. पहिली चूक ती. उल्हासनगरात जीन्स शिवतात तिथली कतरण वजनावर मिळते. ती स्वस्त म्हणून पिशवीभर आणली. आतल्या थराला दोन जुन्या सुती साड्या, खाली एक पांढरी चादर आणि वर जीन्सचे तुकडे. दोन सुया मोडल्या, बोटे सोलली. वेळ वाचवायला हातभराऐवजी दोन-दोन हात लांब दोरा घेतला, तर तो टाक्याटाक्याला गुंतायचा. थर एकत्र धरून ठेवणारे कच्चे टाके घातलेच नव्हते. चारही बाजूंनी मनाला येईल तसे शिवत आत आले, तेव्हा मधोमध मोठा फुगा उभा राहिला.

त्या वेळी मी जिथून कापड घ्यायचे, त्या दुकानदाराच्या म्हाताऱ्या आई गल्ल्याशेजारी बसलेल्या असत. सगळे त्यांना दादी म्हणत. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबे लष्कराच्या कल्याण कॅम्पातल्या बराकींत राहिली, १९४९ मध्ये त्याच वस्तीचे नाव उल्हासनगर झाले. दादी त्यातल्याच, आईच्या कडेवर बसून आलेल्या. आपल्या गोधडीला सिंधी लोक रल्ली म्हणतात. तिकडे हिंदू-मुसलमान दोन्ही घरांतल्या बायका ती शिवतात.

मी माझा फुगा त्यांच्यापुढे अंथरला. दादी पोट धरून हसल्या. मग म्हणाल्या, "बेटी, कापड आधी धुतलंस का?"

नव्हते धुतले. त्यांनी सांगितलेले तुमच्यासाठी लिहिते. सगळे कापड आधी धुऊन घ्यायचे, म्हणजे आटायचे ते आटते आणि रंग सुटायचा तो सुटतो. जाड आणि तलम एकत्र आणायचे नाही. नायलॉनची साडी घालायची नाही, घाम टिपत नाही. थर जमिनीवर ताणून, कोपऱ्यांवर वजन ठेवून, आधी लांब कच्चे टाके. मग एका कडेने धावदोरा सुरू करायचा आणि तळहाताने कापड सपाट करत पुढे जायचे. उत्तर कन्नडमधल्या सिद्दी बायकाही त्यांची कवंदी कडेपासून सुरू करून मध्याकडे नेतात, हे मी पुढे वाचले. म्हणजे कडेपासून शिवण्यात चूक नव्हती, घाई नडली.

मी मधला भाग उसवला आणि फुगा जमेल तेवढा बसवला. बाकी सगळे उसवायचा धीर नव्हता. पहिल्याच धुण्यात निळा रंग पांढऱ्या चादरीवर उतरला, साड्या आटल्या आणि जीन्स तशीच राहिली. गोधडीला सुरकुत्या पडल्या.

तशीच अम्मीकडे नेली. तिने टाक्यांवरून बोट फिरवले, उलटी करून पाहिली. मग बारा वर्षांत पहिल्यांदा बोलली, "नानीची दोन दिवस कडक उन्हात टाकली असती, तर वाळली असती गं."

मी मान खाली घातली. "हो अम्मी," एवढेच म्हणाले.

त्यानंतर मी चार गोधड्या शिवल्या. एक भाचीच्या बाळासाठी, नुसत्या जुन्या मलमलची, हलकी आणि सरळ टाक्यांची. अम्मीला नवी देऊ केली तर घेत नाही. बिघडलेलीच पांघरते. पाऊस गेला की गच्चीवर दोन दिवस उन्हात घालते आणि मला फोन करून सांगते, अजूनही धुताना निळे पाणी सुटते म्हणून.