हात भरले तर भरू द्या

दीड ते तीन वर्षांच्या मुलांना चित्रकला शिकवायची नसते, रंगांशी खेळू द्यायचं असतं. एवढं ध्यानात घेतलं, की पाळणाघरातल्या बाईंचा आणि घरच्या आईचा निम्मा वैताग कमी होतो.

गार, चिकट, गुळगुळीत, खरखरीत ही या वयाची मुळाक्षरं. बोट ओढलं की रेघ उमटते, गोळा दाबला की पसरतो. आपल्या हातून काहीतरी घडतं, हे मुलाला इथे कळतं. पुढे पेन्सिल धरायची ताकदही बोटांत अशीच येते. पण आईला दाखवायला ‘चित्र’ हवं, म्हणून पुष्कळदा बाई मुलाचा हात धरून फूल काढतात. ते फूल बाईंचं! मूल मात्र एवढंच शिकतं, की आपल्याला येत नाही.

यासाठी महागाचं साहित्य लागत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामीण मुलांसाठी काम सुरू केलं, तेव्हा पानं, फुलं, शिंपले, माती अशा भोवतालच्या वस्तूंचीच साधनं केली. आपलं स्वयंपाकघरही तेवढंच भरलेलं आहे.

खळीचा रंग : दोन मोठे चमचे कॉर्नफ्लॉवर थोड्या गार पाण्यात कालवा. वाटीभर उकळत्या पाण्यात घालून, ढवळत, दाट होईतो शिजवा. पूर्ण गार झाल्यावर तीन वाट्यांत काढून हळद, बिटाचा रस आणि पालकाचा रस मिसळा. ताटात ओतून बोटं फिरवू द्या. उरेल ते त्याच दिवशी टाका.

कणकेचा गोळा : दोन वाट्या कणीक, अर्धी वाटी मीठ, चमचाभर तेल. पाणी बेताने घालून मळा. मीठ पुष्कळ असल्याने मूल तो खात नाही ना, इकडे लक्ष हवं.

ठसे : भेंडी आडवी कापून देठाकडचा तुकडा रंगात बुडवा. कागदावर सुरेख चांदणी उमटते.

होळीचे रंग आणि शेंदूर मात्र नको. शेंदरात शिसं असू शकतं आणि या मुलांचे हात सतत तोंडात. चिंचोके, मणी, राजमा नाका-घशात अडकतात; तीन वर्षांपर्यंत ते दूरच ठेवा. हात धुवायची भरलेली बादली ठेवून पाठ फिरवू नका.

कपड्यांसाठी बाबांचा जुना सदरा उलटा घालून मागे बटणं लावा. हळदीचा डाग साबणाने लाल होतो, घाबरू नका; उन्हात वाळवला की फिका पडतो.

एखादं मूल मात्र मुठी आवळून लांब उभं राहतं. “छी, घाण!” हे त्याने घरीच ऐकलेलं असतं. त्याचा हात धरून रंगात बुडवू नका. आधी चमचा द्या, भेंडीचा तुकडा द्या, इतरांचं बघू द्या. चार दिवसांनी, नाहीतर पंधरा दिवसांनी, एक बोट आपणहून पुढे येतं. त्या वेळी “बघ, आला की नाही!” असा गाजावाजासुद्धा नको.

आणि मूल घरी आलं की “काय काढलंस?” असं विचारू नका. “गार होतं का गं? चिकट होतं?” एवढंच विचारा. मग बघा, किती बोलतं ते!