उंची वाढविण्याचे इंजेक्शन

जून महिन्यात शाळेतील मुलांची उंची मोजण्याचा परिपाठ आम्ही इतकी वर्षे पाळीत आलो आहोत. यंदा सहावीतील एक मुलगा भिंतीवरील गतवर्षीच्या खुणेपुढे जेमतेम दोन बोटे सरकला होता. दुसऱ्या दिवशी त्याचे वडील आले. "सर, उंची वाढण्याचे इंजेक्शन असते म्हणतात. कर्ज काढीन, पण कोणाकडे जावे ते सांगा." शिफारसपत्रासाठी आम्ही कागद पुढे ओढलाही होता. मग सहज विचारले, मुलगा सकाळी काय खाऊन येतो? "चहा आणि उस्मानिया बिस्किटे."

अशा वेळी दोष ग्रंथीस देण्याची घाई होते. वस्तुतः कुपोषित मुलाच्या रक्तात वृद्धिसंप्रेरक पुष्कळदा नेहमीपेक्षा अधिकच आढळते. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी आपले काम चोख करते. परंतु तिचा निरोप हाडांपर्यंत पोचविणारे आयजीएफ-१ हे द्रव्य मुख्यतः यकृतात तयार होते, आणि पुरेशी प्रथिने व उष्मांक न मिळाल्यास यकृत हात आखडते. हुकूम सुटतो, अंमलबजावणी होत नाही. सरकारी नोकरीत हयात घालविलेल्या आम्हांस हे निराळे समजावून घ्यावे लागले नाही!

आहाराने किती फरक पडतो, ह्याचा पडताळा आपल्या तार्नाक्याच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने घेतला आहे. १९८७ ते १९९० ह्या काळात हैदराबादजवळच्या १५ खेड्यांत गरोदर स्त्रियांना व सहा वर्षांखालील मुलांना मका-सोयाबीनचा उपमा मिळत होता; १४ खेड्यांत ती योजना पोचली नव्हती. ती मुले १३ ते १८ वर्षांची झाल्यावर पुन्हा मोजली गेली. उपम्याच्या गावांतील मुले सरासरीने १४ मिलिमीटर उंच भरली. बोटाच्या जाडीएवढाच हा फरक, असे कोणी म्हणेल; तथापि त्यांच्या रक्तवाहिन्याही अधिक लवचीक होत्या आणि शरीर इन्सुलिनला अधिक चांगला प्रतिसाद देत होते.

खरोखर ग्रंथीचा दोष असलेली मुलेही असतात व त्यांना इंजेक्शनाचा लाभ होतो. म्हणून बालरोगतज्ज्ञांकडे जाण्यास आम्ही सांगितलेच. कर्ज मात्र तूर्त काढू नका म्हटले. हल्ली मुलगा भाकरी व अंडे खाऊन शाळेत येतो. त्याची पहिली सहा वर्षे निघून गेली आहेत, हे वडिलांजवळ बोलवले नाही. त्याला दोन वर्षांची बहीण आहे. तिला काय खाऊ घालता, हे मात्र दोनदा विचारले.