किल्ला मुलांनाच बांधू द्या

सहामाही परीक्षा आटोपते, वसुबारस जवळ येते आणि पुण्यातील वाड्यांतून व सोसायट्यांच्या आवारांतून माती कालवण्यास प्रारंभ होतो. आकाशकंदील, पणत्या आणि फराळ हे दिवाळीचे वैभव साऱ्या महाराष्ट्राचे. परंतु मातीच्या किल्ल्यावर पुणेकरांचे प्रेम काही विशेषच आहे. दगड-विटांची रास रचावी, तिच्यावर चिखलात बुडवलेले गोणपाट पसरावे, वरून चाळलेल्या मातीचा लेप द्यावा, उतारावर आळीव पेरावे आणि कुंभारवाड्यातून आणलेले मावळे बुरुजाबुरुजांवर उभे करावेत, हा क्रम मोठ्या मुलांनी धाकट्यांना शिकवीत आजवर चालत आला. त्यासाठी कोणी पाठ्यपुस्तक नेमले नाही की कोणी गुण दिले नाहीत.

अलीकडे मात्र दिवाळीच्या तोंडावर रस्त्यारस्त्यांवर प्लास्टरचे तयार किल्ले मांडलेले दिसतात. पैसे मोजावेत, किल्ला घरी न्यावा, मावळे ठेवावेत; हातांना माती म्हणून लागत नाही. दुसरीकडे किल्ल्यांच्या स्पर्धा जोरात भरतात आणि बक्षिसाच्या ईर्षेने वडील, काका व शेजारचे तरुण रात्र रात्र जागून भव्य प्रतिकृती उभारतात. पाण्याची बादली आणून देणे एवढेच काम मुलांच्या वाट्याला येते. एकीकडे घाई आणि दुसरीकडे हौस. परिणाम मात्र एकच. ज्याचा किल्ला, त्याच्याच हातून तो काढून घेतला जातो.

यात मुलांचे नुकसान काय, असे कोणी विचारील. माती पातळ झाली की उतारावरून घसरते आणि पाणी कमी पडले की वाळताच तडकते, हे सांगून समजत नाही. गोणपाट कशासाठी, या प्रश्नाचे उत्तर पहिला कडा कोसळल्यावर मिळते. लक्ष्मीपूजनाला डोंगर हिरवा दिसावयाचा तर आळीव चार-सहा दिवस आधी पेरावे लागते; म्हणजे दिवस मोजणे आले आणि धीर धरणेही आले. तळ्यातले पाणी जिरू लागले की त्याच्या तळाशी काय घालावे याचा विचार सुरू होतो. पडलेला बुरूज पुन्हा उभा करताना मूल जे शिकते, ते कोणत्याही शिकवणीत मिळणारे नाही.

इतिहासाचेही तसेच आहे. राजगड करावयाचा ठरला की सुवेळा, संजीवनी आणि पद्मावती या तीन माच्या कोणत्या दिशांना पसरल्या आहेत आणि बालेकिल्ला त्यांच्या मध्ये का, हे पाहावे लागते. रायगडाचा महादरवाजा दोन बुरुजांच्या आड दडलेला आहे. तो तसा बांधताना शत्रूला तो दुरून का दिसू नये, हे मुलाच्या आपोआप ध्यानी येते. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला. शिवनेरी, राजगड, लोहगड हे त्यांतील किल्ले तर पुणे जिल्ह्यातीलच. या गौरवाचा अभिमान अवश्य बाळगावा. पण ज्याने लहानपणी चिखलात तटबंदी घातली, त्याला खऱ्या तटाचा दगड अधिक कळतो, हेही विसरू नये.

हाताने शिकावे हा विचार आपल्याकडे नवा नाही. महात्मा गांधींनी १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत हस्तोद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली आणि त्या शिक्षणाची पहिली परिषद ऑक्टोबर १९३९ मध्ये भरली ती पुण्यातच. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी आधी बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर बालवाड्या चालविल्या. तेथे महागड्या साधनांची जागा बिया, शंख-शिंपले आणि पानाफुलांनी घेतली. सारसबागेजवळच्या गरवारे बालभवनात शोभा भागवत यांनी खेळ आणि हस्तकला यांना मुलांच्या आयुष्यात मानाचे स्थान दिले. अरविंद गुप्ता यांनी पुण्यातच आयुकाच्या बालविज्ञान केंद्रात काड्या, स्ट्रॉ आणि टाकाऊ वस्तूंपासून विज्ञानाची खेळणी करून दाखविली. साधन स्वस्त असावे आणि करणारा हात मुलाचा असावा, हे या साऱ्यांच्या कामाचे सार होय.

शाळांनी मात्र हे सार पुरते उचललेले नाही. कार्यानुभव हा विषय वेळापत्रकात आहे. पण अनेक घरांत त्याच्या वस्तू आदल्या रात्री आई करते आणि गुण मुलाला मिळतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार यांच्या हाताखाली शिकू द्यावे असे सुचविले. सूचना स्तुत्य आहे. परंतु हात वळतो तो त्याच्या कितीतरी आधी, पाचव्या-सहाव्या वर्षी. शिक्षकांनी सुट्टीनंतर ‘कोणाचा किल्ला सुंदर?’ असे न विचारता ‘तुझा किल्ला कोठे पडला आणि तू काय केलेस?’ एवढे विचारले, तरी पुष्कळ साधेल.

जागा नाही, वेळ नाही, फरशी खराब होते, या अडचणी खोट्या नाहीत. सदनिकेत राहणाऱ्यांना अंगण कोठून मिळणार? पण गॅलरीत एका जुन्या परातीत छोटी टेकडी सहज होते. सोसायटीच्या आवारातील एक कोपरा चार-आठ दिवस मुलांना दिला तर वाहनतळाचे फारसे बिघडत नाही. दिवाळीनंतर हीच माती कुंड्यांत जाते. प्लास्टरचा किल्ला मात्र पुढे कचऱ्यातच जातो. किल्ला मुलांचा आणि रांगोळी मुलींची ही जुनी वाटणीही आता मोडावी. दगड मुलीने उचलावा आणि ठिपके मुलाने काढावेत.

मोठ्यांना काम उरते ते इतकेच : जड दगड हलविणे, विजेच्या तारा सांभाळणे आणि विचारले तर सांगणे. किल्ला वाकडा होईल, बुरूज एका बाजूला कलेल, मावळा दरवाज्यापेक्षा उंच दिसेल. दिसू द्या. पाडव्याला घरी येणाऱ्या पाहुण्यांना तो वाकडा किल्ला मुलानेच हात धरून दाखवावा आणि आपण त्याच्या मागे उभे राहावे. यंदाच्या दिवाळीत घरोघरी असे किल्ले उभे राहोत, हीच शुभेच्छा!